दाढीबाची दाढी काढली ती दुपार

पहिलंच सांगून टाकतो – माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. आमच्या घरात आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हापासून अंगारा, उतारा, लिंबू-मिरची सगळं बंद. त्यात माझा धंदा सलूनचा. गालाला फेस लागला की माणसाला भूत आठवतंच! चिंचेवरची हडळ, विहिरीतला मुंजा, उसाच्या ट्रॅक्टरपुढं उभी राहणारी बाई... वीस-बावीस वर्षांत सगळी मंडळी माझ्या खुर्चीत येऊन गेली. माझं सगळ्यांना एकच उत्तर असायचं – "मान सरळ ठेव, न्हाईतर कान जाईल."

तर हे मी, मिलिंद, स्वतः लिहितोय. हसायचं त्यांनी हसावं.

जागा सांगतो. अंबड तालुका, वडीगोद्रीच्या अलीकडचा एक फाटा. नाव सांगत नाही, कारण केस अजून चालू आहे आणि मला तिथंच धंदा करायचाय. एका अंगाला हायवे, दुसरा रस्ता अंकुशनगरच्या कारखान्याकडं जातो. फाट्यावर माझं सलून, भिंतीला भिंत लागून सलीमचाचांचं पंक्चरचं दुकान, समोर कचरूभाऊंचं चहा-भज्यांचं हॉटेल आणि त्याला लागून एसटीचा निवारा. निवाऱ्यात सिमेंटचा एक बाकडा.

त्या बाकड्यावर दाढीबा राहायचा.

पाच-सहा वर्षांपूर्वी कुठल्या तरी ट्रकमधून तो आमच्या फाट्यावर उतरला, का उतरवला गेला, कोणाला माहीत नाही. बोलायचा नाही. नाव-गाव काही नाही. छातीवर रुळणारी, जटा झालेली दाढी, म्हणून दाढीबा. कधी कोणाच्या अंगावर गेला नाही, कधी काही उचललं नाही. सकाळी कचरूभाऊंचा पहिला चहा त्याचा. बोहनीच्या आधीचा. कचरूभाऊंची नात परी, पाच वर्षांची, चहाचा ग्लास आणि बिस्किटं घेऊन जायची. तो ग्लास घ्यायचा आणि दुसऱ्या हातानं तिचं मनगट हलकेच धरून कपाळाला लावायचा. रोज. हा त्याचा रामराम.

नंतर एक म्हातारी आली. पोतंवाली आई. सिमेंटची आणि तागाची पोती दाभणानं शिवून तिनं एक वाकळ केली होती, ती पाठीवर घेऊन फिरायची. येणाऱ्या-जाणाऱ्याकडं पैसे मागायची नाही, बाम मागायची. डोक्याला बाम थापलेलाच असायचा. संध्याकाळी निवाऱ्यात आली की दाढीबाला म्हणायची, "सरक जरा." तो सरकायचा. मग ती बसायची आणि अर्धी वाकळ त्याच्यावर टाकायची. तो आपली बिस्किटं मोडून अर्धी तिला द्यायचा. आम्ही पक्क्या घरातली माणसं सख्ख्या भावाला बांधावर फूटभर सरकत नाही... असो.

गेल्या थंडीत ती गेली. पोलिसांचं कागदोपत्री काम झाल्यावर मी, सलीमचाचा आणि कचरूभाऊ, तिघांनी मिळून तिला मातीत ठेवलं. वाकळ तिच्या अंगावर मी माझ्या हातानं घातली. हे लक्षात ठेवा – वाकळ तिच्याबरोबर गेली.

आता त्या दिवसाचं.

दाढीबा दोन-तीन दिवसांपासून गाल धरून बसत होता. मी जवळ गेलो तर घाण वास. दाढीच्या आत जखम होती आणि जखमेत किडे. मलम लावायचं तर दाढी काढल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. माझ्या आजोबांच्या गालाला गावातल्या न्हाव्यानं कधी हात लावला नाही, म्हणून तर मी जातीचा न्हावी नसूनही वस्तरा हातात घेतला. माझ्या खुर्चीत कोणीही बसू शकतो, हा माझा हट्ट आहे. हट्ट म्हणा, गर्व म्हणा.

त्या दिवशी आठवडी बाजार होता. गिऱ्हाइकांनी नाक मुरडू नये म्हणून मी त्याला पुढच्या खुर्चीत न बसवता दुकानामागं नेलं. माझी चूक म्हणाल तर ही. सलीमचाचांनी पाण्याचा पाइप ओढून आणला. आधी कात्री, मग मशीन, मग वस्तरा. तासभर लागला. जटांचा गठ्ठाच निघाला, तो मी जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवला. साबण लावून अंघोळ घातली, माझा पांढरा शर्ट घातला. आतून काय माणूस निघाला! गोरा, लांब नाकाचा, पन्नाशीचा. माझ्या अंगातला शर्ट भिजून चिंब झाला होता, पण मी इतका खूष होतो की म्हणालो, "चाचा, आता ह्याला ह्याची आईसुद्धा ओळखणार न्हाई."

चाचा हसले. मीही हसलो. 

आता त्याला दुकानातल्या खुर्चीत बसवून मी मलम आणायला मेडिकलला गेलो. तिथं गर्दी होती. पंधरा मिनिटं गेली असतील. त्या आठवड्यात सगळ्यांच्या मोबाइलवर एकच मेसेज फिरत होता, पोरं पळवणारी टोळी आल्याचा. चांगल्या कपड्यात असतात, मुके असल्याचं सोंग करतात, वगैरे. मीच माझ्या दुकानात तो चार जणांना वाचून दाखवला होता.

दाढीबाला त्या दिवशी सकाळचा चहा मिळाला नव्हता, कारण तो पहाटेपासून माझ्याच दुकानामागं बसून होता, माझी गिऱ्हाइकं उरकायची वाट बघत. तो उठला, रस्ता ओलांडला आणि हॉटेलपुढं खेळणाऱ्या परीचं मनगट धरलं. कपाळाला लावायला.

पोरीनं त्याला ओळखलं नाही. ती किंचाळली.

कचरूभाऊ कढईपुढं होते. त्यांनी वर बघितलं तर एक परका, पांढऱ्या शर्टातला माणूस आपल्या नातीचा हात धरून उभा. हातात तेलातला झारा होता. तोच झारा त्यांनी त्याच्या गालावर हाणला.

मी पळत आलो तोवर शंभरेक माणसं झाली होती. "पोरं पळवणारा! मारा!" कोणी चपलेनं, कोणी पट्ट्यानं, कोणी उसाच्या दांड्यानं. हॉटेलच्या मोरीचं पाणी साचून चिखल झालेला, त्यात तो पडला होता. एक जण त्याच्या बोटांवर बूट ठेवून उभा होता आणि दुसरा बरगड्यांत लाथा घालत होता. लाथ बसली की ओलं लाकूड मोडल्यासारखा आवाज यायचा. दाढीबाच्या तोंडातून आवाज नाही. रक्त मात्र येत होतं, नाकातून, कानातून. ताज्या दाढी केलेल्या गालावर झाऱ्याच्या भोकांची जाळी उमटलेली आणि कातडी सुटलेली.

मी ओरडलो, "अरे सोडा! दाढीबा हाय तो! आपला दाढीबा!"

"दाढीबाला दाढी असती बे!" कोणीतरी म्हणालं. आणि दुसरा, "ह्यो बी त्यातलाच. ह्येच्या दुकानातून आल्ता तो!"

माझ्या दुकानात दर महिन्याला केस कापणारी पोरं होती हो त्यात. त्यांच्या मानेवरचे तीळसुद्धा मला पाठ आहेत. त्यातल्याच एकानं माझी कॉलर धरून मला खाली पाडलं. एक दांडा माझ्या डाव्या हातावर बसला, दोन बोटं गेली. दुसरा बसला कमरेत, डोळ्यांपुढं अंधारी आली. काही सुचेना. मी सरपटत गेलो आणि दाढीबाच्या अंगावर पालथा पडलो. मनात एकच होतं, आता आपण मरणार. खोटं कशाला बोलू, उठून पळावं असंही वाटलं.

आणि तेव्हा कानाजवळ कोणीतरी म्हणालं,

"सरक जरा."

कुजबुज नाही. रोजच्या, किंचित वैतागलेल्या आवाजात. मी... सरकलो. का सरकलो, सांगता येणार नाही. दाढीबा माझ्या खालून अर्ध्या वितीनं सरकला, मीही सरकलो आणि आमच्या दोघांवर काहीतरी पडलं. जड. खरखरीत. नाकात बामाचा वास असा घुसला की डोळ्यांतून पाणी आलं. रक्त, चिखल, तळणाचं तेल, सगळ्याच्या वर बाम.

दांडे पडतच होते. मला एकेक समजत होता – पण दूरचा. शेजारच्या घरात कोणी गादी झोडपावी तसा. भद्. भद्. प्रत्येक फटक्याबरोबर माझ्या पाठीवरचं ते वजन दचकायचं. त्याला लागत होतं. ते कण्हत होतं, म्हातारं माणूस कूस बदलताना कण्हतं ना, तसं. पण उठलं नाही.

किती वेळ गेला माहीत नाही. मग सलीमचाचांचा आवाज आला. सत्तरीचा माणूस, गर्दीत घुसला होता. हातात माझा टॉवेल. त्यांनी तो सगळ्यांसमोर उलगडला आणि जटांचा गठ्ठा वर धरला.

"ये देखो! ये रही उसकी दाढ़ी! पैचानो अब! अरे क्या कररे तुम लोगां... पैचानो!"

हात थांबले. ती दाढी फाट्यावरचा प्रत्येक माणूस ओळखत होता. कोणाच्या तरी हातातून दांडा गळून पडला. मागची माणसं गुपचूप सटकायला लागली, मोटरसायकली चालू झाल्याचे आवाज आले. कचरूभाऊ तिथंच चिखलात बसले आणि लहान पोरासारखे रडायला लागले. माझ्या पाठीवरचं वजन कधी गेलं ते कळलं नाही. मी मान वळवून बघितलं तेव्हा वर फक्त ऊन होतं.

जालन्याच्या दवाखान्यात नेलं. दाढीबाच्या चार बरगड्या मोडल्या, एक कान कायमचा गेला. माझी दोन बोटं. डॉक्टरांनी माझी पाठ उघडून बघितली आणि विचारलं, "मार कुठं लागलाय?" कमरेवर एक वळ होता, तो आवाज येण्याच्या आधीचा. बाकी पाठ कोरी. एक ओरखडासुद्धा नाही.

कोणीतरी व्हिडिओ काढला होता. चौकीत मला दाखवला, माणसं ओळखायला. त्यात माझ्या पाठीवर दांडे पडताना दिसतात आणि प्रत्येक दांड्याबरोबर धूळ उडते. बारीक, पिवळट. हवालदारसाहेबांनी तीनदा मागं घेऊन बघितलं आणि म्हणाले, "रस्त्याची धूळ असंल." मी चिखलात पडलो होतो, साहेब. माझा शर्ट पिळला असता तर तांब्याभर पाणी निघालं असतं. मी तसं म्हणालो, तर त्यांनी मोबाइल खिशात टाकला.

कचरूभाऊ चार दिवस आत होते. जामीन झाल्यावर थेट दवाखान्यात आले, थर्मासमध्ये चहा घेऊन. मी त्यांना दारातच अडवलं. नको ते बोललो, आईवरून बोललो. पाच वर्षं ज्याला हातानं चहा पाजला त्याला डोळे बघूनसुद्धा ओळखू नये? तरी ते रोज येत राहिले, बाहेर बसायचे. आठव्या दिवशी दाढीबानंच हात पुढं केला. चहा घेतला. बिस्किट घेतलं, मोडलं, आणि अर्धं कचरूभाऊंच्या हातावर ठेवलं. त्या माणसाला ते बिस्किट खाता येईना, टाकताही येईना. मूठ मिटून बसून राहिले.

दाढीबा आता पुन्हा निवाऱ्यात आहे. आम्ही तिघांनी पत्रे लावून बाजू बंद केल्या, खाट आणली, पण तो बाकड्यावरच झोपतो, एका कडेला, अर्धा बाकडा मोकळा ठेवून. दाढी पुन्हा वाढली. गालावर भोकांची जाळी आहे तेवढ्या जागेवर मात्र केस येत नाहीत.

मी बेघर माणसांची दाढी आता दुकानामागं करत नाही. खुर्ची रस्त्यावर काढतो, भर बाजारात, सगळ्यांसमोर. आधी परीला बोलावतो, ती बघत उभी राहते. मग कचरूभाऊ त्या माणसाचा हात धरून दुकानोदुकानी फिरवतात आणि सांगतात, "नीट बघून घ्या. हा आपला हाय."

एवढं होऊनही त्या आवाजाबद्दल मी कोणाला बोललो नव्हतो. बायकोलाही नाही. मार लागल्यावर माणसाला काहीबाही ऐकू येतं, असं स्वतःला समजावलं होतं. परवा कचरूभाऊ दाढीला बसले होते. मी फेस लावला आणि ते डोळे मिटून म्हणाले, "मिलिंदा, एक इचारू? तू तिच्यायला मला येडा म्हनशील."

"बोला."

"त्यो झारा म्या बाजूला ठिवलाय, धुतला न्हाई अजून. भोकांत तागाचे धागे अडकलेत. दुसऱ्यांदा हानला ना, तुह्या पाठीवर... तवाचे." डोळे मिटलेलेच होते. "आन् मारायला हात उचलला तवा कोनीतरी कानात बोललं. म्हातारीचा आवाज. सरक जरा, म्हनली. म्या बराबर ऐकलं, मिलिंदा. मला कळलं बी कोन हाय ते."

मी वस्तरा त्यांच्या गालावरून उचलला.

"मंग?"

"मंग काय. म्या सरकलो न्हाई. म्या हानला."

माझ्याकडं याचं स्पष्टीकरण नाही. धुळीचं नाही, धाग्यांचं नाही, त्या आवाजाचं तर नाहीच. कोणाकडं असेल तर जरूर कळवा. त्या दिवशी मात्र मी कचरूभाऊंची मान सरळ केली, आणि त्यांच्या डोळ्यांतून गालावर आलेलं पाणी फेसाबरोबर पुसून दाढी पुरी केली.