रेंज गेली नव्हती

खोटं लिहायचं तर निदान जिवंत माणसांबद्दल लिहू नये. परवा प्रमोदने, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांच्या मुलाने, जुनी आठवण म्हणून एक पोस्ट टाकली. नव्व्याण्णव साली जळगावहून धुळ्याला जाताना त्याने रस्त्यात लॅपटॉपवर मेल कसा पाहिला, काकूने मोबाईल कसा धरला, अन् मेल उघडणार तोच रेंज कशी गेली... खाली सगळे हसतायत.

रेंज गेली नव्हती. मोबाईल माझ्या हातात होता, मला विचारा.

आता नमस्कार. माझी शाळा चौथीपर्यंत, टाईप एका बोटाने करते. चुका दिसल्या तर दिसू द्या, खोटं दिसणार नाही.

तेव्हा माझी सून सुनंदा अमेरिकेत होती, दिवस भरलेले. पहिलंच बाळंतपण, अन् जवळ एकटा माझा मुलगा, बाई माणूस कोणी नाही. आमच्या घरचा फोन पंधरा दिवस मेलेला, म्हणून बातमी प्रमोदच्या मेलवर येईल असं ठरलं होतं.

प्रमोद पुण्याला कंपनीत. त्याच्या बहिणीचं लग्न धुळ्याला, त्यांच्या घरीच. आम्हाला न्यायला तो जीप घेऊन जळगावला आला होता. जीपमध्ये तो, आमचे हे, धाकटे दीर नाना अन् मी.

गिरणेचा पूल ओलांडल्यावर त्याने जीप कडेला घेतली. म्हणाला, इथून पुढे रेंज नाही, थेट धुळ्यात. मांडीवर लॅपटॉप उघडला अन् मोबाईल माझ्या हातात दिला. दोन्हींना एकेक बारीक काळी काच होती. त्या काचा समोरासमोर राहिल्या तरच मेल येणार.

"काकू, हात हलवायचा नाही."

"अन् शिंक आली तर?"

"ती धुळ्याला गेल्यावर द्या."

ट्रकांचा धुरळा खात मी बसले. खांदा भरून आला, बोटं बधिर झाली, पण मोबाईल हलू दिला नाही... माझ्या सुनेची खबर येत होती त्यातून.

मग प्रमोदचा चेहरा बदलला. लॅपटॉप तसाच उचलून तो खाली उतरला अन् ह्यांना, नानांना बाभळीखाली घेऊन गेला. तिघांची कुजबुज झाली. परत आले ते तिघंही माझ्याकडे न बघता.

"सुनंदाचं काय?" मी विचारलं.

नाना म्हणाले, "बठ्ठं ठीक शे वहिनी. रेंज गई. चला, येळ व्हई ऱ्हायना."

"रेंज गेली, तर ठीक आहे हे कोणी सांगितलं?"

"गप बस ना आता," हे म्हणाले. झालं. जीप सुटली.

लग्नाच्या घरात मी दोन दिवस राबले. देवाचं ताट मी लावलं, हळद मी कालवली, देवकाच्या पूजेला नवरीच्या मागे मी उभी होते. डोक्यात एकच... पोरगी सुटली का, कशी आहे.

अक्षता पडल्या, पंगती उठल्या. मग ह्यांनी माझ्या हातावर पेढा ठेवला. "सुनंदाला मुलगी झाली. त्या दिवशी मेलमध्ये आलं होतं."

कारण काय, तर सोयर. कुळात बाळ जन्मलं की भाऊबंदांनी दहा दिवस देवाला हात लावायचा नाही, मग देवक कसं बसायचं अन् लग्न कसं लागायचं? पूर्वी परदेशातली बातमी पत्राने यायची, तोवर सोयर फिटलेलं असायचं. मेल पडला घाईचा.

अहो, पण सोयर लागतं ते बातमी कळली की. म्हणजे ज्यांना कळलं होतं ते तीन पुरुष सोयरात असून देवकापाशी बसले, अन् जीपमधल्या चौघांत मी एकटी सोवळी! तेवढा त्यांचा धर्म.

मला सांगितलं असतं तर मी लग्न मोडलं असतं का? गप्प बसले असते. ह्या घरात आल्यापासून किती गोष्टींवर गप्प बसलेय ते माझं मला ठाऊक. पण बाईच्या तोंडात बातमी राहत नाही म्हणे...

एवढ्यावर भागलं असतं तर मी आज लिहिलंही नसतं. मी प्रमोदला म्हटलं, तो मेल वाच. इंग्रजी अक्षरं मला येत नव्हती. त्याने वरचं वाचलं, मुलगी झाली, वजन चांगलं आहे. मी म्हटलं, खाली अजून ओळी दिसतात, त्या वाच.

खाली सुनंदाने लिहिलं होतं. "आईंना विचारून लगेच कळवा. मला दूध येत नाहीये. बाळ सारखं रडतंय. मी काय करू?"

ती खबर नव्हती, ती मला विचारत होती. मला!

दोन ओळींचं काम होतं. घाबरू नको, पोरीला छातीशी लावत राहा, पहिलटकरणीला दूध तिसऱ्या दिवशी उतरतं. मी ते गिरणेच्या पुलापाशी उभ्या उभ्या सांगितलं असतं.

आम्ही कळवलं तोवर चौथा दिवस. दूध आपलं आपण आलं होतं, देवाची कृपा. पण बिचारीने ते दिवस रडून काढले, अन् मनाशी ठरवून टाकलं की मुलगी झाली म्हणून सासूने तोंड फिरवलं. मी नंतर खरं ते सांगितलं. "असू द्या आई," म्हणाली. सासूचं कोण खरं मानतं?

ती नात आता नोकरीला लागली. तरी सुनंदा त्या दिवसांचं माझ्याशी कधी बोलत नाही, विषय निघाला की उठून जाते.

हे गेले, नानाही गेले. मेल वाचलेला एकटा प्रमोद उरलाय. तेव्हा उत्तर त्यानेच लिहायचं, बायकोकडून लिहून घ्यायचं नाही, हसरी तोंडं टाकायची नाहीत. अन् मला नको. प्रमोद, सुनंदाला लिही, तुझ्या त्या पोस्टखालीच, सगळ्यांना दिसेल असं.