बाहेरची कडी

गाडीतच मुक्काम करत फिरायचं, असं आम्ही नवरा-बायकोने ठरवलं. नवीन गाडी परवडणार नव्हती, म्हणून सासऱ्यांची शेळ्या वाहायची जुनी पिकअप घेतली. मागच्या हौद्यावर भंगारातल्या पत्र्याचं छप्पर आणि दार बसवलं, आत प्लायवूडचा पलंग ठोकला. खिडकी कापायची तेवढी राहिली होती.

एका दुपारी गादीचं माप घ्यायला मी आत शिरले आणि बाहेरून खटकन कडी लागली. पाठोपाठ गाडी सुरू झाली. सासरे तिसगावच्या बाजाराला निघाले होते; आमचं फिरणं सुरू होईपर्यंत गाडी तेच वापरत. दार उघडं दिसलं, म्हणून सवयीने लावलं असणार. आत मिट्ट काळोख, पत्रा तव्यासारखा तापलेला. मी ओरडले, दोन्ही मुठींनी पत्रा बडवला. गाडी थांबेना. श्वास पुरेनासा झाला, तेव्हा आडवी पडून दारावर लाथा मारू लागले.

बाजारात पेंडीचं पोतं टाकायला त्यांनी दार उघडलं आणि मला बघून ते पांढरेफटक पडले.

"मामा, एवढी बडवतेय, ऐकू नाही आलं?" मी किंचाळलेच.

"आलं की," ते चाचरत म्हणाले. "पन शेळ्या रोजच लाथा मारत्यात. म्या कवा थांबलोय व्हय?"