शेषरावभाऊजींचा कान

आमचे शेषरावभाऊजी जेवायलासुद्धा उभे. माझ्या ताईने पाट मांडला की म्हणायचे, "बसतो ना मंग!" तो 'मंग' काही येत नसे. शेंदूरजनाघाटला त्यांची संत्र्याची बाग होती आणि बागेत विहीर. काम करता करता मनात आलं की भाऊजी विहिरीत सूर मारायचे. पाण्यात मात्र हा माणूस शांत व्हायचा. डोळे मिटून उताणा पडून राहायचा.

डावा कान लहानपणापासून वाहायचा. तेल सोडलं, कापूस कोंबला, की झालं! पण साठ सालच्या आसपास कानामागे सूज आली, चालताना तोल जाऊ लागला. ताईचा धीर सुटला. तिचा निरोप मिळताच मी अकोल्याहून गेलो आणि दोघांना घेऊन अमरावती गाठली. भाऊजींना तर अक्षरशः ओढतच नेलं.

डॉक्टर म्हणाले, "कानामागचं हाड चांगलं असेल तर फाटलेल्या पडद्याला कातडीचं ठिगळ लावू. पुढे पोहताही येईल कदाचित. हाड सडलं असेल तर कोरून काढावं लागेल, नाहीतर पू मेंदूत जाईल. मग त्या कानाने फारसं ऐकू येणार नाही. आणि कानात पाणी गेलं की गरगरेल. विहिरीत बुडाल."

"ठिगळच लावा," भाऊजी येरझारा घालत म्हणाले.

"ते कान उघडल्यावर ठरेल."

"कान माहा हाय ना?"

"अन् कुंकू कोनाचं हाय?" ताई कडाडली. भाऊजींनी कागदावर सही केली.

हाड सडलेलंच निघालं. कोरून काढलं. कान सुकला, जीव वाचला. पण पुढच्या उन्हाळ्यात भाऊजी विहिरीभोवती नुसते फिरत. "पाय बुडवून येतो," म्हणत उतरू लागले की ताई धावे. एकदा मला म्हणाले, "साळेबुवा, जीव वाचवला तुमी. पन आता ठेवू कुठं त्याले?"

महिनाभराने पुन्हा गेलो, तर चाळिशीची आमची ताई लुगड्याचा काचा मारून, पाठीला रिकामा डबा बांधून विहिरीत! भाऊजी काठावर दोर धरून ओरडत होते, "हात मार! पाय हालव ना वं!"

"ताई, या वयात हे काय खूळ?" मी हादरलोच.

"यायले आता उतरता येत नाही, मंग यायच्यासाठी कोनी तरी पान्यात पाह्यजे ना!" भाऊजींकडे पाहत ती धापा टाकत म्हणाली.

तिने एकदाची समोरची भिंत गाठली. भाऊजींनी वाकून हळूच विचारलं, "पानी कसं हाय वं?"

"गार हाय. लई गोड वाटते," ताई म्हणाली.

भाऊजी दोर धरून ढसाढसा रडले.