तळहातावरचा कापूर अन् चामडीची डाक्टरीन

त्या नवरातात लोकं माह्या पाया पडाले लागले, अन् मले पहिल्यांदा माता मायचा भेव वाटला. त्याच्या आधी मी कोन होतो? पवनीच्या बसस्टँडपाशी मिरचीभजे तळनारा. शाळेच्या पडवीत चढलो तो फक्त पान्यापासून वाचाले. कोनाच्या तेरवीतही लोकायले हसवल्याशिवाय राहवत नाही, म्हनून बायको मले असल्या जागी मांगं बसवते. असा मानूस एका रातीत भगत झाला, तर त्याचं त्यालेच खरं वाटत नाही.

झालं असं. आमच्या गावात नवरातात नवस असनारा मानूस तळहातावर कापूर जाळून माता मायले ओवाळते. ओवाळते म्हनजे काय, चटका बसला का झटकते ताटात. मोठमोठे मिशावाले 'जय माता' म्हनता म्हनता 'आयो' म्हनून मोकळे होतात. त्या वर्षी मीही नवस बोललो होतो, कारन झारा हातातून निसटत होता अन् करंगळी अन् तिच्या बाजूचं बोट दुसऱ्याचं असल्यासारखं वाटत होतं. म्हटलं, माता माय, हात नीट कर. कापूर ठेवला, पेटवला, अन् वाट पाहत राहिलो चटक्याची. चटका काही आला नाही. कापूर जळून खतम झाला, मी उभाच. ढोल वाजवनारे थांबले. एक म्हातारी पुढं आली अन् माह्या पायावर डोकं ठेवलं. कालपर्यंत 'अबे भजेवाल्या' म्हननारे 'महाराज' म्हनाले लागले. मीही लगेच डोळे अर्धे मिटून घेतले. तसं तोंड करायचं मले कोनी शिकवलं नव्हतं, आपोआप जमलं.

घरी आल्यावर बायकोनं हात धरून दिव्यापाशी नेला. तळहातावर बोराएवढा फोड.

"अजी, एवढा मोठा फोड आला अन् तुमाले समजलं नाही?"

"माता मायची कृपा हाये."

"कृपा हाये तर फोड काहून आला? अर्ध्यातच संपली का कृपा?"

तिनं हळद लावली, ते पन मले डोळ्यानंच समजलं. मनगटाच्या वर एक फिक्कट चट्टा होता. बेसनानं, तेलानं होत असन, नाहीतर दाद-नायटा असन, म्हनून मी मेडिकलातली ट्यूब चोपडत होतो. तठीही काही लागत नव्हतं. लहानपनी तलावाच्या पल्याड एक मानूस एकटाच झोपडीत राहायचा, त्याले लोकं दुरूनच भाकर ठेवत. त्याची बोटं मले आठवली अन् मी लगेच दुसरं काही आठवाले लागलो. आठवाले दुसरं होतं बी, मी आता महाराज होतो.

दुसऱ्या दिवशी आरतीले शेजारच्या गावचेही लोकं आले. रस्त्यावर पाय ठेवाले जागा नाही. लेकरं पुढं करून बाया उभ्या. मी कापूर पेटवला, अर्धे डोळे मिटले. आतून मातेले म्हनून राहिलो होतो, माय, आज चटका दे, हे सारे घरी जाऊ दे. तेवढ्यात हातावर भसकन पानी पडलं.

डोळे उघडले तर समोर एक बाई, हातात पान्याची बाटली. लाखांदुराकडून शिबिर करून नागपूरले जाऊन राहिली होती, अन् आमच्या गर्दीनं तिची जीप अडली होती. उतरून दर्शन घ्याले आली. सारे माह्या तोंडाकडे पाहून राहिले होते, तिनं एकटीनं हाताकडे पाहिलं. आता ती जीप माता मायनं अडवली का आमच्या मंडळाच्या मंडपानं, ते मले सांगता येनार नाही. मंडप अर्ध्या रस्त्यात होता, हे खरं हाये.

मंडळाचा अध्यक्ष भडकला. "ओ बाई, देवाच्या कामात पानी टाकता का?"

"मी चामडीची डॉक्टर आहे, दादा. दोन मिनिटं द्या, मग करा आरती."

तिनं आरतीच्या ताटातली कापसाची वात घेतली अन् मले म्हनाली, "काका, डोळे मिटा. हात लागला की सांगा." मी मिटले, पुरे मिटले. वाट पाहिली. कोनी खोकललं, कोनाचं लेकरू रडलं. लय वेळ झाला. मी म्हनलो, "सुरू करा ना जी, मॅडम."

"केव्हाची करून राहिली, काका."

मी डोळे उघडले तर वात माह्या करंगळीवरूनच फिरत होती.

मंग तिनं माहं कोपर दाबून पाहिलं. आतली नस दोरीसारखी फुगली होती. लोकायसमोर तिनं रोगाचं नाव घेतलं नाही. मले अन् बायकोले जीपपाशी नेऊन हळूच सांगितलं, कुष्ठरोग. मी हात पाठीमांगं लपवला. पन ती सांगतच राहिली. गोळ्या फुकट भेटते, रोग पुरा बरा होते, गोळ्या सुरू झाल्या का कोनाले लागत नाही, घरातच झोपा, घरातच जेवा. आता नाही धरला असता तर बोटं वाकली असती, मंग सरळ नसती झाली. बायकोनं सारं ऐकलं अन् एकच विचारलं.

"म्हनजे हे भगत नाहीत?"

"नाही, ताई."

"सुटली बाप्पा," म्हनून ती तठीच खाली बसली अन् रडाले लागली. मीही रडलो. पन खरं सांगतो, आतून हलकं वाटलं. ज्या गोष्टीचं नाव घ्याले मी भेत होतो, ते नाव एका बाईनं सरळ घेतलं होतं, अन् आभाळ काही पडलं नव्हतं.

मंग नागपूरच्या चकरा सुरू झाल्या. पहिला डोस घेतला अन् सकाळी लघवी लाल. मी बोंब मारत आंगनात आलो, आता रक्त चाललं म्हनून. गोळीनं लाल होते, हे डाक्टरीनबाईनं सांगितलं होतं, मी त्या वेळी तिथल्या पंख्याकडे पाहून राहिलो होतो. रोगाचं नाव गावात फुटलंच, अन् काही दिवस माह्या भज्याकडे कोनी फिरकलं नाही. मंग तोच अध्यक्ष येऊन गाड्यापाशी उभा राहिला, साऱ्यायसमोर पोटभर भजे खाल्ले, अन् म्हनला, "महाराज, मीठ कमी हाये." तवापासून गिऱ्हाईक परत आलं.

एकदा मी बाईले विचारलं, "मॅडम, लोकं दिलाचे डाक्टर होतात, मेंदूचे होतात. तुमी हे चामडं काहून धरलं?"

ती हसली. "मी आधी सुंदर करायचंच काम करत होते, काका. लेझर, पिंपल, नवऱ्या मुली. चांगलं चाललं होतं. एक दिवस एक स्वयंपाकीण आली. मुलीचं लग्न होतं, चेहऱ्याजवळचा चट्टा झाकून द्या म्हणाली. लय ठिकाणी जाऊन आली होती, सगळ्यांनी क्रीम दिली होती. मीही लिहायला घेतली. सहज बोट लागलं तिच्या चट्ट्याला, तर तिला कळलंच नाही. तिची बोटं तोवर वाकली होती. मला रात्रभर ती बोटं दिसली. मग ते सोडलं."

आता ती सकाळी पेशंट पाहते अन् दुपारी मेडिकल कॉलेजच्या प्रयोगशाळेत बसते. औषधानं जंतू मरते, पन काही लोकायची नस नंतरही सुजत राहते, काहून ते अजून पुरं कोनाले समजलं नाही म्हने. तेच शोधून राहिली हाये. त्यासाठी माह्या चट्ट्याचा एक बारीक तुकडा मागितला, अन् मी दिला. आमच्या खानदानात कॉलेजात गेलेली पहिली माही चामडीच.

"सापडन का जी?" मी विचारलं.

"माहीत नाही. मला नाही सापडलं तर माझ्यामागून कोणी शोधेल."

बसमध्ये मी तेच घोळवत राहिलो. मी कापूर लावला का मातेनं तठीच उत्तर द्यावं, लोकायसमोर द्यावं, असं मले पाहिजे होतं. अन् ही बाई रोज दुपारी खिडकी नसलेल्या खोलीत बसते, सापडन का नाही ते माहीत नसताना.

औषध संपत आलं तवा तिनं पुन्हा हात तपासला, एका बारीक नायलॉनच्या धाग्यानं. मी म्हनत गेलो, लागलं, लागलं, लागलं. ती थांबली.

"काका, चोरून पाहून राहिले ना?"

"तुमी एवढी मेहनत केली, मॅडम. तुमाले वाईट वाटू नये म्हनून."

"मला खुश नका करू. मला खरं सांगा."

मंग मी दुपट्टाच डोळ्यावर बांधला. अंधारात बसलो. काहीच नाही. काहीच नाही. मी ते कबूल करत गेलो, अन् जितकं कबूल केलं तितका भेव कमी होत गेला. नाही आलं तर नाही, मनात म्हनलो, माय, तुह्या हातात हाये. अन् तवाच करंगळीच्या बुडाशी मुंगी चालल्यासारखं झालं.

"थांबा जी. हे लागलं."

तिनं पुन्हा लावलं. पुन्हा लागलं. तिनं तिसऱ्यांदाही तठीच लावून पाहिलं. मले वाटते, तिले डाक्टर म्हनून गरज नव्हती, तिले उगाच पाहावंसं वाटलं.

बाकीच्या बोटात जान अजून परतली नाही. येईन बी, नाही बी येनार, असं ती म्हनते. पन बोटं वाकली नाहीत, झारा हातात राहते, घरात जेवतो, घरात झोपतो. आता मी देवळात मातेले काही दाखवाले जात नाही. गर्दी कमी झाली का जातो अन् हात जोडतो. दोन बोटात अजून जोर नाही, दुसऱ्या हाताच्या बोटायशी ते नीट जुळत नाहीत. तशीच जोडतो.