शुभांगीच्या हातातली विळी

मंडळी, आत्ताच आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या हॉलमधून आले. हाताला अजून ओल्या खोबऱ्याचा वास आहे, पण लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

उद्याच्या पूजेच्या जेवणासाठी आम्ही बायका विळीवर नारळ खवत होतो. तिसऱ्या मजल्यावरची शुभांगीही आली. मनाच्या आजारासाठी महिनाभर हॉस्पिटलात होती, त्यानंतर आज पहिल्यांदाच खाली उतरली. तिने विळी पुढे ओढली, तशी शेजारी बसलेली रेखा माझ्या कानाशी लागली, "काकू, तिला विळी नको हां. डोक्याच्या गोळ्या चालू आहेत तिच्या."

कानाशी कसली, साऱ्या हॉलला ऐकू गेलं. शुभांगी विळी बाजूला सारून घरी जायला उठली.

मी म्हटलं, "बस गं तू. आणि रेखा, माझ्या बीपीच्या गोळ्या पण चालू आहेत. माझी विळी पण काढून घे ना!"

मी माझा पाट शुभांगीला खेटून मांडला. तिने विळी परत पुढे ओढली नि खवायला घेतलं. उरलेले नारळ आम्ही दोघींनीच संपवले.

उद्या वाढायलाही ती माझ्यासोबत असेल. ज्यांना चालत नसेल त्यांनी खुशाल घरी जेवावं.

एकच विचारते. तिच्या हातात विळी बघून घाबरलात, मग ती एकटी उठून घरी निघाली होती तेव्हा तिच्या काळजीने कुणालाच भीती कशी नाही वाटली?