नवसाचं माप

देवीकडे मी काय मागितलं होतं, हे त्या दोघींना सांगायचा धीर मला बरेच दिवस झाला नाही. ऑगस्टमध्ये पावसानं ओढ दिली, करमाडच्या आमच्या शेतातली कपाशी माना टाकू लागली, तेव्हा कर्णपुऱ्याच्या देवीला मी नवस बोललो होतो. पाऊस पाड, नवरात्रात नारळांचं तोरण बांधीन. मी तसा हिशेबी माणूस. दूधसुद्धा डोळ्यांसमोर मोजून घेतो. पण नवस बोलताना पाऊस किती हवा, हे बोलायचं राहिलं.

पाऊस आला तो थांबेना. कपाशी पाण्यात उभी सडली. ते मी सोसलं असतं. पण दूर नदीकाठी सर्पदंशाच्या रुग्णांचा अभ्यास करणारी एक प्रयोगशाळाही बुडाली. तिथं काम करणारी डॉक्टर म्हणजे माझ्या बायकोच्या मामेबहिणीची मुलगी. ती आणि तिची सहकारी अंगावरच्या कपड्यांनिशी आमच्याकडे आल्या. सोबत होत्या फक्त थर्माकोलच्या पेट्या, रुग्णांच्या रक्ताचे गोठवलेले नमुने असलेल्या.

आम्ही वरची खोली दिली, बायकोनं कपाटातले आपले कपडे दिले, पण दोघींचा जीव पेट्यांत अडकलेला. आमच्या फ्रिजची थंडी त्यांना पुरणारी नव्हती. इथल्या एका कॉलेजच्या फ्रीजरमध्ये जागा व्हायची होती ती दुसऱ्या दिवशी, आणि पेट्यांतला कोरडा बर्फ संपत आला होता. तो कुठं मिळेल म्हणून सगळीकडे फोन केले, मिळाला नाही. एक पेटी तर वाटेतच वितळली होती. डॉक्टर ती मांडीवर घेऊन बसली होती.

"काका, यातली काही माणसं आता नाहीत," ती म्हणाली. "त्यांचं रक्त परत कुठून मिळणार?"

मला तिथं बसवेना. त्यातच बायकोनं आठवण करून दिली, आज अष्टमी, नवस फेडून या. हा नवस कोणत्या तोंडानं फेडायचा, असं मी म्हणालो. "बोललात ना, मग फेडा. भांडायचं ते तिथं जाऊन भांडा," ती म्हणाली.

पण तोरण घेऊन देवीसमोर उभा राहिलो आणि भांडण सुचेना. त्या पेट्यांसाठी काही मागायचीही भीती वाटली. मागितल्यावर काय झालं ते पाहिलंच होतं. "मला मागता येत नाही, तूच बघ," एवढंच मनात म्हणालो आणि बाहेर पडलो.

देवळाबाहेरच्या जत्रेत पाळण्यांच्या अलीकडे जनरेटरची घरघर ऐकू आली. कुल्फीवाल्याचा मोठा फ्रीजर होता. मी डॉक्टरला फोन लावला. एक दिवसापुरतं चालेल, असं ती म्हणाली. मग कुल्फीवाल्याला सगळं सांगितलं.

"रक्त व्हय?" तो थबकला. "मंग कुल्फीजवळ नाय जमायचं."

मी वळणार, तोच तो झाकण उघडून कुल्फ्या बाहेर काढू लागला.

"बघता काय काका, पोरांना हाका मारा. कुल्फी काय, परत बनंल. हे परत मिळंल का?"

डॉक्टरचे शब्द त्यानं ऐकलेले नव्हते. मी हाका मारायच्या सोडून तसाच उभा राहिलो.

उरलेले नमुने वाचले. आता कॉलेजच्या एका कोपऱ्यात दोघींचं काम सुरू झालं आहे, राहतात आमच्याकडेच. परवा जेवताना अखेर मी नवसाचं सांगून टाकलं. डॉक्टर म्हणाली, पाऊस तुमचं ऐकत असता तर हवामान खात्यानं तुम्हाला केव्हाच उचललं असतं. बायकोनं विचारलं, देवीला इंच मोजून सांगणार होतात का? मीही हसलो.

पण ती वितळलेली पेटी मनातून जात नाही. देवीसमोर उभं राहिलं की जुन्या सवयीनं मागणं ओठांवर येतं, आणि मांडीवर पेटी घेऊन बसलेली ती पोर दिसते. मग मी नुसते हात जोडतो. माप देवीवर सोडतो.