पुढच्या सीटचा मानकरी

माझं सासर रोहण्याचं. लग्नाला बावीस वर्षं झाली आणि या बावीस वर्षांत सासरच्या कुठल्याही गाडीत मी पुढची सीट सोडून बसलेलो नाही. जावई मागे बसत नाही, असा आमच्याकडे रिवाज. मागे पाच माणसं एकमेकांच्या मांडीवर असली तरी पुढे मी एकटा, पाय पसरून. बघणाऱ्याला वाटावं, काय थाट आहे! थाट होताच. पण मागे सारखा हशा चालायचा, चिवड्याचा डबा या हातातून त्या हातात फिरायचा, आणि मी वळून "काय झालं?" विचारलं की सगळे चिडीचूप. "काई नाई, काई नाई," मेहुण्याची बायको पदर तोंडाला लावून म्हणायची. मेहुणा गाडी चालवताना फारसं बोलत नाही, त्यामुळे मी पुन्हा रस्त्याकडे बघत बसायचो. मला चिवडा वेगळ्या वाटीत, चमच्यासकट मिळायचा. खरं सांगतो, मला फार वाईट वाटायचं.

म्हणून मेहुण्याचा फोन आला, "भाऊजी, मोठी गाडी घ्यायची हाय, तुमी पाह्यल्याबिगर मी काई ठरवत नाई," तेव्हा माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली. तीन रांगांची गाडी. सगळी माणसं बसून जागा उरली, तर एखाद्या वेळी मलाही मागे शिरू देतील. मेहुण्याचा डोळा एका चकचकीत दोन रांगांच्या गाडीवर होता. "दिवाळीला माणसं काय टपावर बसवणार?" असं विचारून मी त्याचं मन तिच्यावरून उठवलं.

मी वर्ध्याला एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून आहे. कागदाशिवाय माझं पान हलत नाही. आठवडाभर मोबाइलवर गाड्यांचे व्हिडिओ पाहिले आणि रकाने आखले: गुडघ्यांना जागा, डोक्याला जागा, मागपर्यंत गार हवा पोचते का, डिक्की किती. शोरूममध्ये रोहण्याहून सासूबाई, मेहुणा, त्याची बायको आणि त्यांची मुलगी आली. आम्ही नवरा-बायको वर्ध्याचेच.

सासूबाईंना कागद लागला नाही. शोरूमचा माणूस मेहुण्याला मोठ्या पडद्यावरचा नकाशा दाखवत होता, तोवर त्या डिक्की वितीने मोजून मोकळ्या झाल्या.

"मागची सीट उभी ठेवली त पापडाचा डबाबी मावत नाई," त्या म्हणाल्या. "आन् पाडली त माणसं कुठी बसवाचे?"

माझ्या कागदावर हा रकानाच नव्हता. मग त्यांनी पाण्याची बाटली ठेवायच्या खळग्यात आपलं चष्म्याचं घर ठेवून पाहिलं. ते चपखल बसलं आणि गाडी त्यांच्या मनात भरली.

तेवढ्यात मी हळूच मधली सीट दुमडली आणि तिसऱ्या रांगेत एक पाय टाकला.

"अवो जवाईबुवा! तुमी काऊन मांगं जाता?"

"तपासून पाहतो जरा, आई."

"मांगचं पोरी पाह्यतीन. तुमी समोरचं तपासा."

शोरूमचा माणूसही लगेच पुढचं दार उघडून अदबीने उभा राहिला. टाकलेला पाय मी काढून घेतला.

गाडी चालवून बघायला निघालो. पुढच्या सीटबद्दल तक्रारीला जागा नव्हती. पाठीला टेकू उत्तम, पाय पुरते लांब होतात, गार हवा मात्र थेट गळ्यावर येते. तिसऱ्या रांगेत माझी बायको आणि मेहुण्याची मुलगी खिदळत होत्या.

"गुडघ्यांना जागा किती आहे?" मी ओरडून विचारलं. हशा आणखी वाढला. "काय झालं?"

"काई नाई!"

हे बोलली ती माझी स्वतःची बायको. तो रकाना मी कोराच ठेवला.

गाडी आली. चाकांखाली लिंबं चिरडली, नारळ फुटला, फोटो निघाला. फोटोत पुढच्या सीटवर कोण, हे सांगायला नको.

त्या हिवाळ्यात मेहुण्याच्या मुलीचं लग्न झालं. नवा जावई अमरावतीचा, उंच आणि अबोल. तो पहिल्यांदा राहायला आला, तेव्हा कारंज्याच्या ढाब्यावर जेवायला जायचं ठरलं. मी सवयीने पुढच्या दाराला हात घातला.

"तुमी मांगं बसा ना," सासूबाई म्हणाल्या. "पाहुण्याले बसू द्या समोर. तुमी त घरचेच हाये."

जावयाचा मान गेला, आता मी रुसतो की काय, म्हणून बायको माझ्या तोंडाकडे बघायला लागली. बरं दिसावं म्हणून मी थोडा चेहरा पाडला आणि घाईघाईने तिसऱ्या रांगेत शिरलो.

काय सांगू त्या सीटचं! गुडघे छातीला, डोकं छताला, आणि गार हवा एकट्या डाव्या कानात. आर्वी मागे पडेपर्यंत डाव्या पायाला मुंग्या आल्या होत्या.

"भाऊजी, मांगची सीट कशी हाय?" मेहुण्याने चालवता चालवता विचारलं.

"एकदम ऐसपैस!" मी म्हणालो.

तेवढ्यात मधल्या रांगेतून चिवड्याचा डबा आला. वाटी नाही, चमचा नाही. मी मूठ भरली. मेहुण्याच्या बायकोने मान ताठ केली, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि पुढे बसलेल्या नव्या जावयाची हुबेहूब नक्कल केली. नवरी ओढणीत तोंड खुपसून हसायला लागली.

"हे त काईच नाई," माझी बायको हळूच म्हणाली. "आमचे पाहा." तिने वरची कडी घट्ट धरली, हवेतच ब्रेक दाबला आणि एकेका किलोमीटरच्या दगडाला फाईल मंजूर केल्यासारखी मान डोलावली. सासूबाईंनाही हसू आवरेना.

म्हणजे बावीस वर्षं हे मलाच हसत होते. राग यायला हवा होता. पण मी इतका हसलो की डोकं छतावर आपटलं.

नव्या जावयाने वळून पाहिलं. "काय झालं?"

सगळे चिडीचूप. तोंडातला चिवडा गिळून मीच म्हणालो, "काई नाई, काई नाई."